रिकामी बाटली

सत्तर सालच्या सुमारास मी वेल्ह्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. औषधाला बाटली पेशंटनं घरून आणायची. एक बाई नेहमी यायची, खिडकीशी उभी राहून बाटली पदरानं पुन्हा पुन्हा पुसायची. आज मी तिचा पाठचा भाऊ. उद्या जरा थांबा म्हटलं की वैरी. हातांवर तिनं स्वतःच दिलेले चटके. सासू म्हणायची सोंग, देवऋषी म्हणायचा बाहेरचं, आमचे डॉक्टर म्हणायचे हिस्टेरिया.

तीन दिवसांचं औषध ती ओढ्यात ओतायची आणि दुसऱ्याच दिवशी रिकामी बाटली घेऊन हजर. मी एकदा पाहिलं.

"अहो, औषध पोटात गेलं तर गुण येईल ना?"

"गुण आला, की तुमी म्हनाल आता येऊ नगा."

माणूस सोडून जाईल ही धास्ती हे अशा आजाराचं मोठं लक्षण असतं, त्याला 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी' म्हणतात, हे मी म्हातारपणी एका व्याख्यानात ऐकलं. तिला ते सांगावंसं फार वाटलं. पण वेल्हं कधीच सुटलं होतं.

माझी भोरला बदली झाली, तेव्हा ती एसटीपाशी आली होती. बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

"आता ही रिकामी करून कुनाकडं नेऊ?"