उतारावरची पोती

बापूंच्या बैठकीत कोणी कोठे बसायचे, हे पाणी ठरवीत असे. शाळेसमोरचे पटांगण थोडे उतरते आहे. त्या उतारावर बापू आधीच येऊन रिकामी पोती अंथरीत. पावसाचे पाणी ज्याच्या दारावरून प्रथम जाते त्याचे पोते वरच्या टोकाला, आणि ज्याच्या दारात ते शेवटी येऊन थांबते त्याचे सर्वांत खाली. मोठी शेती असणारा आणि त्याच्याकडे मजुरीला जाणारा एकमेकांच्या शेजारी आले, तर तसेच बसत. बोलण्याचा क्रम मात्र उलटा असे. तो खालून वर चढत जाई. "ज्याच्या घरात पानी, तो पयले बोलीन," हा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांनी सरपंचांसाठीही कधी मोडला नाही. गावात बापू नावाची माणसे पुष्कळ होती. म्हणून यांना सगळे पोतेवाले बापू म्हणत.

मोताळा तालुक्यातील त्या गावात मी भूगोल शिकवीत असे. निवृत्तीनंतर मी माझ्या मूळ गावी, चिखलीला परतलो नाही, तेथेच राहिलो. बैठकीत कोण काय बोलले ते लिहून घेण्याचे काम बापूंनी माझ्याकडे दिले होते. ते स्वतः भाजीपाला पिकवीत आणि धामणगाव बढेच्या बाजारात नेऊन विकीत. कोणतेही पद त्यांनी घेतले नाही. भांडणाला तोंड फुटले, की लोक त्यांना बोलावीत, एवढाच त्यांचा अधिकार. मी एकदा त्यांच्या जाणतेपणाचे कौतुक केले, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले. "पान्याचं मले काही समजत नाही, गुरुजी. ते इंजिनिअरसाहेबायले समजते. मानूस कुठी अडला, येवढं मले दिसते."

गाव कोठे अडले होते, ते येथे सांगितले पाहिजे. गावाच्या माथ्यावर टेकडी आहे. तिच्या पायथ्याला वरचा पुरा, म्हणजे वरची वस्ती, मग शाळा, मग खालचा पुरा, आणि त्यापुढे ओढा. पूर्वी टेकडीचे पाणी रस्त्याच्या कडेच्या मातीच्या नालीने थेट ओढ्याला मिळत असे. पुढे सिमेंटचे रस्ते आले. आपल्या दारात पाणी साचू नये म्हणून प्रत्येक गल्लीने ठेकेदाराला आग्रहाने सांगितले, आमच्याकडे रस्ता जरा उंच घ्या. जुना रस्ता न खोदता त्यावरच नवा थर पडला, आणि काही वर्षांनी त्यावर आणखी एक. प्रत्येकाने आपले पाणी शेजाऱ्याकडे ढकलले. नालीवर कोणी ओटा बांधला, कोणी पायऱ्या काढल्या, कोणी फरशी टाकून गाडी उभी केली. खालच्या पुऱ्यात शेवटी अशी वेळ आली, की रस्त्यावरून घरात जायला पायरी उतरावी लागे. मोठा पाऊस झाला, की तीच पायरी उतरून पाणीही घरात येई. हे कोणी शत्रुत्वाने केले नव्हते. सर्वांना रस्ता चांगला हवा होता, आणि उंच रस्ता म्हणजे चांगला रस्ता अशी गावाची समजूत होती.

पहिल्या बैठकीला वरच्या पुऱ्यातील माणिकराव पोत्यावर बसायलाच तयार नव्हते. उभ्यानेच ते म्हणाले, "बापू, आज पान्याच्या रांगेत बसवून राह्यले, उद्या राशनच्या रांगेत बसवसान." लोक हसले. बापूही हसले, आणि त्यांनी माणिकरावांचे पोते हाताने झटकून पुन्हा अंथरले. माणिकराव बसले. मग सर्वांत खालच्या पोत्यावरून सिंधूमावशी बोलू लागल्या. त्या एकट्या राहत. त्यांचे घर मातीच्या भिंतींचे. पावसाळ्यात ज्वारीची कोठी त्या विटांवर उचलून ठेवीत, आणि ढग भरून आले की रात्रभर दाराशी बसून राहत. एवढेच त्यांनी सांगितले. माणिकराव त्यांच्या घरावरून हजारदा गेले असतील, पण ही गोष्ट त्यांच्या कानावर प्रथमच आली, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

बापू स्वतः मात्र रांगेत बसत नसत. बैठक चालवणाऱ्याला जागा नसते असे ते म्हणत, आणि पटांगणाच्या कडेला कडुनिंबाखाली बसत. पुढ्यात शेंगांची टोपली असे. हंगामाप्रमाणे कधी तुरीच्या, कधी वालाच्या. लोक बोलत आणि बापू शेंगा सोलीत. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "हात रिकामे असले का तोंड चुळबुळ करते, गुरुजी. दुसऱ्याच्या बोलन्यात आपलं घुसते." बोलणारा मध्येच थांबला तरी ते त्याला शब्द पुरवीत नसत. शेंगा फुटण्याचा बारीक आवाज येत राही, आणि शेवटी त्या शांततेला कंटाळून तो माणूस मनातले खरे ते बोलून टाकी. वर्गात प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देण्याची सवय मला आयुष्यभर होती. बापूंना पाहिल्यावर मी ती बरीच कमी केली. तेव्हा माझ्यापुढे वर्ग उरला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

चटकन मिळालेल्या होकारावर त्यांचा विश्वास नसे. नाली मोकळी करायला आपापले ओटे मागे घ्यायचे, असा विषय निघाला तेव्हा बैठकीत पुष्कळ जणांनी लागोपाठ "हाव, हाव" म्हटले. मी लिहू लागलो, तर बापूंनी मला थांबण्याची खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या प्रत्येकाच्या ओट्यावर जाऊन बसले आणि तोच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला. "बैठकीतलं हाव लोकायसाठी असते. ओट्यावर बसून म्हनलेलं हाव घरच्यायनं बी आयकलेलं असते." काही होकार त्या सकाळी नकार झाले. त्या घरांत ते पुन्हा गेले, बायकांशी बोलले, म्हाताऱ्यांशी बोलले. कोठे पायरी आडवी फिरवून देण्याचे ठरले, कोठे ओट्याऐवजी नालीवर काढता येईल अशी जाळी. काम मंद चालले, पण ठरलेले मोडले नाही.

पंचायतीच्या इंजिनिअरने उतार मोजून दिला. नालीचे काम नेहमी खालच्या टोकापासून सुरू करावे लागते. वरचे तोंड आधी उघडले, तर मोकळे झालेले पाणी खालच्या लोकांवर अधिक वेगाने येते. म्हणून ओढ्यापासून खोदत खोदत नाली वर आली. माणिकरावांनी आपला ओटा स्वतः उभे राहून काढून दिला. बाकी सगळ्या घरांसमोरची नाली मोकळी झाली आणि काम एका ओट्याशी येऊन थांबले. टेकडीचे पाणी जेथे नालीत शिरायचे, नेमका तेथेच तो होता. तो उघडला नाही, तर पाणी नालीत न जाता पूर्वीसारखे रस्त्यावरूनच खालच्या पुऱ्यात उतरणार होते. खाली केलेले सारे खोदकाम त्या एका ओट्यावर अवलंबून होते.

तो ओटा बापूंच्या घराचा होता.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा मुलगा संजय किराणा दुकान चालवीत असे. ओट्याला हात लावू देणार नाही, असे त्याने मजुरांना शांतपणे सांगितले आणि कारण दिले नाही. बैठकीला तो येत नसे. बापू दर वेळी त्याचे पोते सर्वांत वर अंथरीत. ते रिकामे राही, आणि क्रम वर चढत त्या पोत्यापर्यंत आला, की बापू बैठक संपवीत. मुलाविषयी ते एक शब्दही काढीत नसत. लोकांना त्यात त्यांचा मोठा संयम दिसे, मलाही दिसे. शेवटी कंटाळून माणिकरावांनी सुचवले, की हात वर करून ठराव करून टाका. बापूंनी मान हलवली. "हात वर केल्यानं मानूस खाली बसते, पटत नाही त्याले." आणि ते पोती गोळा करू लागले.

त्या पावसाळ्यात टेकडीवर मोठा पाऊस झाला. पाणी बापूंच्या ओट्याला धडकले, वळले आणि रस्त्याने खाली गेले. सिंधूमावशींच्या घराची पुढची भिंत बसली. त्या वाचल्या, पण कोठी आडवी झाली आणि ज्वारी चिखलात गेली. सकाळी बापू तेथे गेले तेव्हा मी त्यांच्यासोबत होतो. मावशी भिजलेली ज्वारी सुपाने बाजूला काढीत होत्या. बापू काही बोलणार, त्याआधी त्याच बोलल्या. आवाजात राग नव्हता.

"बापू, तुमी आमा सगळ्यायले बोलतं केलं. तुमी मातर एकडाव बी नाही बोलले."

बापूंनी खाली बसून त्यांच्याबरोबर थोडा वेळ ज्वारी वेचली. मग ते उठले.

पुढच्या बैठकीला आम्ही जमलो तेव्हा पोती अंथरलेली होती, पण कडुनिंबाखाली कोणी नव्हते, टोपलीही नव्हती. बापू सर्वांत वरच्या पोत्यावर बसले होते. सगळे आपापल्या जागी बसून त्यांच्याकडे पाहत राहिले. क्रम मोडला नाही. खालून वर एकेक जण बोलत गेला, मावशी सर्वांत आधी. बापूंची पाळी येईपर्यंत संजय शाळेच्या फाटकात येऊन उभा होता. वडील त्याच्या पोत्यावर बसले आहेत हे त्याला दुकानात कोणीतरी सांगितले होते.

"आज मी बैठक चालवून नाही राह्यलो," बापू म्हणाले. "आज मी या घराचा म्हनून बसलो. त्या ओट्यावर संजूची माय बसे. भाजी इकता इकता तिनं तिथंच लेकरं मोठी केली. तो फुटू नाही, असं माह्यं मन म्हने. म्या पोराच्या नावाचं पोतं टाकलं अन् सोता झाडाखाली जाऊन बसलो. पोरगा नव्हता अडून बसला. मी बसलो व्हतो."

फाटकातून संजय म्हणाला, "बाबा, तुमी रोज संध्याकाळी त्या ओट्यावर जाऊन बसता. म्हनून म्या कोनाले हात लावू देल्ला नाही. मले काऊन नाही इचारलं?"

"तू काऊन नाही सांगितलं?"

सगळ्या गावाचे मनातले बाहेर काढणाऱ्या माणसाच्या घरात हा एक प्रश्न कोणी कोणाला विचारला नव्हता. शेवटी माणिकरावच म्हणाले, "बापलेक दोघंबी बोलाले लागले. आता आमाले घरी जाऊ द्या." थोडे हसू आले, आणि संजय आत येऊन वडिलांच्या पोत्याच्या कडेला बसला.

ओटा दुसऱ्याच दिवशी निघाला. पहिली पहार संजयने मारली. बापू समोर उभे होते. बसण्याच्या जागी घासून गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी त्यांनी सांभाळून काढायला लावली. ती घरात ठेवतील असे मला वाटले होते. त्यांनी ती खालच्या पुऱ्यात नेली आणि सिंधूमावशींच्या नव्या भिंतीसमोर, नाली ओलांडण्यासाठी बसवून दिली. नंतर संध्याकाळी ते कधी कधी तेथवर चालत येत, फरशीच्या कडेला टेकत, मावशींनी दिलेला चहा पीत आणि परत जात. त्यांच्या चालण्यात थकवा दिसू लागला होता. पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला. टेकडीचे गढूळ पाणी नालीत शिरून शाळेवरून, मावशींच्या दारावरून ओढ्याकडे जाताना ते छत्री धरून मोठ्या पावसात उभे राहिले. मी शेजारी होतो. समाधानाचे काहीतरी बोलतील अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "ओढ्याच्या पलीकडच्यायले कोनं इचारलं का, गुरुजी? आता पानी त्यायच्याकडे लौकर जाऊन राह्यलं." त्या लोकांना बोलवायचे असे त्यांच्या मनात होते. हिवाळ्यात ते गेले. आजार थोड्याच दिवसांचा झाला.

दहावा झाल्यावर गाव पटांगणात जमले. संजयने पोती अंथरली होती. सर्वांत खाली, सिंधूमावशींच्याही खाली, त्याने काही पोती नवीन टाकली होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीला त्याने बोलावणे धाडले होते, आणि तेथून माणसे आली होती. आपली जागा कोणती, हे कोणालाच विचारावे लागले नाही. कडुनिंबाखाली टोपली ठेवलेली होती, तुरीच्या शेंगांनी भरलेली.

नियमाप्रमाणे पलीकडच्या लोकांनी आधी बोलायचे होते. ते नवीन होते, संकोचले होते. त्यांनी मावशींकडे पाहिले. मावशीही गप्प राहिल्या. कोणी कोणाला शब्द पुरवला नाही. मी लेखणी बाजूला ठेवली, टोपली जवळ ओढली आणि एकेक शेंग सोलू लागलो.

बऱ्याच वेळाने मावशींनी मान वर केली आणि झाडाकडे पाहून त्या म्हणाल्या, "यंदा घर कोरडं राह्यलं, बापू."

मग त्या पलीकडच्या माणसांकडे वळल्या. "आता तुमी सांगा."