मागच्या दाराचा सीन

लाईट गेली तेव्हा पडद्यावरची बाई भाताचं पातेलं हातात धरून नुसती उभी होती. आमच्या कट्टा गावच्या हॉलमध्ये काळोख झाला.

मी फिल्म एडिटर. शूट केलेल्या ढीगभर तुकड्यांतून सिनेमा जोडायचा, हे माझं काम. त्या दुपारी आमच्या थ्रिलरचा रफ कट, म्हणजे नुसते टाके घातलेला, पक्की शिलाई बाकी असलेला सिनेमा, आम्ही माझ्याच गावच्या लोकांना दाखवत होतो. शूटिंग समुद्रकाठच्या रेडी गावात झालेलं. अख्ख्या सिनेमात माणसं तीन. होमस्टे चालवणारी बाई, तिचा दीर आणि 'कोकणात पहिल्यांदाच आलोय' म्हणणारा पाहुणा. बाईचा नवरा बेपत्ता आहे. मारामारी नाही, पाठलाग नाही. भीती सावकाश चढत जाते आणि मला तो सिनेमा त्यासाठीच आवडला होता.

प्रोड्यूसरशी माझं भांडण एका सीनवरून होतं. पाहुणा मागचं दार उघडून हात धुवायला जातो, बाई भात उतरवता उतरवता थांबते. बस.

"मॅडम, एक माणूस हात धुतोय, एक बाई बघतेय," प्रोड्यूसर म्हणाले होते. "यात सस्पेन्स कुठाय? काढा तो सीन."

"नाही काढणार."

"मग लोकांना दाखवू. लोक उठून गेले तर सीन जाईल आणि फायनल कट दुसरा एडिटर करेल."

या सिनेमात मी जीव ओतला होता. तो दुसऱ्याच्या हातात द्यायच्या विचारानेच माझी झोप उडाली होती. आणि नेमकी त्याच सीनला लाईट गेली.

"बघा आता," प्रोड्यूसर माझ्या कानाशी म्हणाले. "सगळे घरी."

पंखे बंद. कोणीतरी खिडक्या उघडल्या. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मी मान खाली घातली. वर बघितलं तर माणसं खुर्च्या फिरवून एकमेकांकडे तोंड करून बसली होती.

"दिरानच मारल्यान भावाक," रिक्षावाले परब म्हणाले.

"माका त्या पावण्याचो संशय येता," आमच्या सुमनकाकी म्हणाल्या.

"काकी, तो तर पयल्यांदाच इलो."

"पयल्यांदाच इलो? मागला दार उचलल्याशिवाय उघडणा नाय, असा ती सुरवातीकच दिराक म्हणाली ना? मग ह्याका कोणी सांगल्यान? एका हातान उचलून उघडल्यान त्यान."

मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "म्हणान ती भात हातात घेऊन रवली."

माझे डोळे भरून आले. तो सीन मी एवढ्यासाठीच धरून ठेवला होता.

प्रोड्यूसर पुढे झाले. "काकी, हा सीन कंटाळवाणा नाही वाटला?"

"कंटाळो कसलो? लाईट इली की पुढचा दाखवा आधी." मग काकी माझ्याकडे वळल्या. "समुद्र तेवढो कमी कर गो. तो आमी रोज बघतंव."

समुद्राचा तो लांबलचक शॉट माझा लाडका होता. प्रोड्यूसर गालात हसले.

लाईट आली. मी उठायच्या आत लोकांनीच खिडक्या बंद करून काळोख केला. शेवटपर्यंत कोणी हललं नाही. काकींचा संशय खरा होता की नाही, ते मी सांगणार नाही. फायनल कट माझ्याकडेच राहिला. मागच्या दाराचा सीन जसाच्या तसा आहे. समुद्र गेला.

आता टेस्ट स्क्रीनिंगला, ज्या सीनवरून वाद असेल तिथे, मी स्वतःच प्रोजेक्टर बंद करते आणि लाईट गेली म्हणून सांगते. लोक मोबाईल काढून बसले तर सीन कापते. गोष्टीवरून भांडायला लागले तर त्याला हात लावत नाही.