मागे घेतलेलं विधेयक

काकूंचा फोन आला तेव्हा मी गोखिवऱ्यात आमच्या सोसायटीखाली भाजी घेत होते. "सुलभा, भाऊंचं आधार कार्ड कुठे असतं गं? डॉक्टर मागतायत." मी सवयीने सांगून टाकलं, लाकडी कपाट, दुसरा खण, निळी फाइल. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, डॉक्टरांना ते कशाला लागत असेल... पुन्हा फोन लावला. काकू म्हणाल्या, "हो गं. सकाळीच. मी चहा ठेवला होता." भाऊ गेले त्याला आता पाच आठवडे झाले.

जनार्दनभाऊ, काकूंचे यजमान, दोनदा खासदार झाले आणि दोन्ही वेळा मी त्यांची सचिव होते. वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातला माणूस. आधी शाळेत भूगोल शिकवायचे, आणि दिल्लीला गेल्यावरही ती सवय सुटली नाही. कुठलाही प्रश्न मांडण्याआधी कागदावर नकाशा काढत. ही खाडी, हा मातीचा बांध, ही बांधाआडची भातशेती. "बांध फुटला की नुसतं पीक जात नाही, सुलभा. खारं पाणी शिरलं की जमीनच मुकी होते, कित्येक वर्षं." बांध दुरुस्त कोणी करायचा, हे मात्र कुणीच सांगत नसे. ग्रामपंचायत एका खात्याकडे बोट दाखवी, ते खातं दुसऱ्याकडे. ही जबाबदारी कायद्याने ठरवावी, म्हणून भाऊंनी स्वतः एक विधेयक तयार केलं. सरकारी नव्हे, एका खासदाराचं. त्याचा एकेक शब्द मी टाइप केलाय. संध्याकाळी घरच्या तांदळाची पेज पीत ते खोडायचे, सकाळी मी पुन्हा टाइप करायचे.

अशा विधेयकांचा नंबर चिठ्ठीने लागतो. भाऊंचा लागला, शुक्रवारी दुपारी. सभागृह जवळजवळ रिकामं होतं, पण भाऊ भरल्या वर्गासमोर बोलावं तसे बोलले. मी त्यांच्या दिल्लीच्या बिऱ्हाडात टीव्हीसमोर बसले होते. शेवटासाठी मी त्यांना दोन कागद देऊन ठेवले होते. एकात मतदानाची मागणी, दुसऱ्यात विधेयक मागे घेण्याचं निवेदन. मंत्र्यांचं उत्तर संपत आलं तेव्हा भाऊ बाहेर आले आणि त्यांनी फोन केला.

"ते म्हणतायत, सगळ्या राज्यांना सूचना पाठवतो, तुम्ही मागे घ्या. कुठला वाचू?"

"मागे घ्या, भाऊ," मी म्हणाले. "मतदानात पडलं तर हातात काहीच राहणार नाही. आश्वासन तरी राहील."

ते क्षणभर गप्प राहिले. मग आत गेले, आणि मला टीव्हीवर त्यांचा आवाज ऐकू आला. सभागृहाच्या अनुमतीने मी हे विधेयक मागे घेतो. खाली बसताना त्यांनी चष्मा काढला होता.

पुढे आम्ही स्मरणपत्रं पाठवत राहिलो. प्रत्येकाला उत्तर यायचं, तेही नम्र. बाब विचाराधीन आहे. विचार चालू असतानाच एका श्रावणात, अमावास्येच्या उधाणाला, भाऊंच्या शेजारच्या गावचा बांध भरदुपारी फुटला. तिथली तारामावशी गोठ्यात बांधलेली म्हैस सोडायला गेली. म्हैस पोहत बाहेर आली...

आम्ही पोचलो तेव्हा पाणी ओसरू लागलं होतं. मावशीचा मुलगा प्रकाश ओट्यावर बसला होता. त्याने भाऊंना बसायला पाट दिला, हे मला अजून सहन होत नाही. मग शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमी दिल्लीत बोलले ते आयेने टीव्हीवर बगितलं व्हतं. म्हनाली, आता बांध व्हनार. मंग पानी आलं कसं?"

मी मागे उभी होते. त्या फोनचं सांगण्यासाठी तोंड उघडलंही असेल. भाऊ त्याआधीच बोलले. "मी विधेयक मागे घेतलं, प्रकाश. मतदान मागायला हवं होतं, मी मागितलं नाही."

पुढच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. पक्षाने तब्येतीचं कारण जाहीर केलं. तब्येत ठणठणीत होती. दर उधाणाला ते त्या बांधावर जाऊन उभे राहत आणि पाणी उतरेपर्यंत हलत नसत. गावातल्या बायका म्हणत, मेलेलं मानूस येतं तसा येतो हा. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले आणि तिथे न राहवून म्हणाले, "भाऊ, मागे घ्या असं मीच सांगितलं होतं."

"विचारलं कुणी? मी. उभा कोण राहिला? मी. पुन्हा हा विषय काढू नकोस."

मी काढला नाही. पण त्यांनी माझ्यावरचं ओझं उचललं असं मला कधी वाटलं नाही. आता ते गेल्यावर ते सबंध माझ्याकडे आलंय. झोपेतून उठताना कधीकधी फोनवरची ती क्षणभराची शांतता ऐकू येते, आणि मी तेच उत्तर देते. दरवेळी तेच.

मागच्या आठवड्यात काकूंकडे गेले होते. त्या मला भाऊंच्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि अमावास्या-पौर्णिमेच्या चौकोनांत पेन्सिलीने भरतीच्या वेळा लिहिलेल्या होत्या. मी पानं उलटत गेले. त्यांनी डिसेंबरपर्यंत लिहून ठेवलं होतं.

"ही परवाची पौर्णिमा," काकू बोट ठेवून म्हणाल्या. "दुपारी बारा-वीस. मी त्यांचा डबा भरला होता गं... मग लक्षात आलं."

आम्ही दोघी तिथेच पलंगावर बसलो. थोड्या वेळाने काकू उठल्या, खाडीकडची खिडकी उघडली आणि पाणी कुठवर आलंय ते बघत उभ्या राहिल्या.