नमुन्याचा काय भरवसा

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझ्या पोटात अशी कळ उठली, की मी सौंसरात ओरडलो आणि कोसांवरच्या लोधीखेड्यातल्या म्हशींनी दावी तोडली. मुतखडा असणार, असं गावमत पडलं. नागपुरात सोनोग्राफीचं यंत्र नवीनच आलं होतं. बायकोने मला तिकडे नेलं.

डॉक्टरने पोटावर गार, चिकट काहीतरी फासून एक ठोकळा फिरवला. खडा सापडला, ज्वारीच्या दाण्याएवढा. तिथेच थांबावं ना! ठोकळा आणखी खाली सरकला, थबकला, मागे आला. डॉक्टर म्हणाला, "हं."

हा 'हं' मी ओळखतो. संत्र्याचा व्यापारी बगिच्यात शिरला की पाचशे झाडांतून नेमकं एक डागी फळ हेरतो आणि अस्साच 'हं' करतो. भाव पाडायची लबाडी तिथूनच सुरू होते.

"मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तिच्यात काळपट ठिपका दिसतोय. बहुधा काही नसेल, पण कॅन्सर नाहीच, असं नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही."

"आम्ही खड्यासाठी आलो जी," मी म्हणालो. "तिकडे पाहाले तुम्हाले कोणं सांगितलं?"

बायकोने कोपर मारलं.

त्याने आपल्या ओळखीच्या मोठ्या डॉक्टरकडे धाडलं. ओळखीच्या! त्या मोठ्या डॉक्टरने रबरी मोजा चढवला आणि बोट घालून कुठून तपासलं, ते मी लिहिणार नाही. म्हणाला, "एका बाजूला जरा टणक लागतं. सुईने तुकडे काढून पाहू."

मी महिनाभर टाळलं. तेवढ्यात खडा आपसूक पडला, कळ गेली. मग तर मला खात्रीच झाली, की ठिपका त्या दोघा डॉक्टरांनी पैशांसाठी मिळून रचलाय.

"अवो, खडा दिसला तं मशीन खरी, अन् ठिपका दिसला तं खोटी?" बायको कडाडली. "कसे करून राहिले तुम्ही?"

शेवटी तुकडे काढून घ्यायला गेलो.

आठवड्याने निकाल आला: तुकड्यांत कॅन्सर नाही. बायकोने तिथेच हात जोडले. मी विचारलं, "तुकडे वरून काढले का खालून?"

"का विचारताय?" डॉक्टर चकित.

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. वीस वर्षं मी दिल्लीला संत्र्यांच्या पेट्या पाठवल्या. वरचा थर असा लावायचो, की देवालाही मोह पडावा. खाली मात्र जे उरलं ते. नमुना काय चीज असते, हे मला कोण शिकवणार?

डॉक्टरने चष्मा काढला. "जिथून घेतलं, तिथे नाही. बाकीचं मी शपथेवर सांगणार नाही. दर सहा महिन्यांनी दाखवून जा."

त्या क्षणी पहिल्यांदा माझा त्याच्यावर विश्वास बसला, आणि मी पुढची तारीख मागून घेतली.

बसस्टँडवर बायको पेढ्यांच्या दुकानाकडे वळली.

"सहा महिन्यांनी घेऊ," मी म्हणालो.

"तवा पुन्हा घेऊ," म्हणत तिने पैशांची पिशवी उघडली.