पांढऱ्या हातावरचा डाग

खिडकीतून येणारं सकाळचं कोवळं ऊन त्या हातावर पडलं की डोळे दिपतात. इतका शुभ्र, इतका निष्कलंक! मनगटाशी संपलेला प्लास्टरचा उजवा हात. आईचा. कलाशाळेत शिकणाऱ्या माझ्या लेकीने गेल्या दिवाळीत आजीला हात गार लगद्यात बुडवून बसायला लावलं, आणि त्या साच्यात प्लास्टर ओतून हे शिल्प घडवलं. आईला हसू आवरत नव्हतं. हाताचं काय करायचंय, असं ती पुनःपुन्हा विचारत होती.

आई उन्हाळ्यात गेली. आता लेक रविवारी तो हात प्रदर्शनासाठी न्यायला येणार आहे. वरोरची मावशी मात्र, आईच्या अस्थी सोडल्या तिथेच समुद्रात तोही सोड, म्हणते. "तिचाच हात ना रे तो? मग तिच्यामागे जाऊ दे त्याला."

दोघींचंही मला पटतं, हीच माझी पंचाईत! नुसतं शिल्प म्हणावं, तर करंगळीचा तो वाकडेपणा आईचाच. आईचा हात म्हणावा, तर ऊब कुठे आहे? आणि ही शुभ्रता तरी कुणाची? जन्मभर डहाणूच्या वाडीत चिकू उतरवणाऱ्या तिच्या बोटांवरचे चिकाचे काळपट डाग मी कधीच गेलेले पाहिले नाहीत. लग्नकार्यात ती हात पदराखाली घ्यायची. मला त्या हातांची लाज वाटायची, हे तिला ठाऊक होतं.

काल संध्याकाळी काय मनात आलं कोण जाणे, नुकताच उतरवलेला एक चिकू मी त्या अर्धवट मिटलेल्या तळव्यात ठेवला. अंगठा बरोबर सालीवर आला. फळ तयार झालं की नाही, हे ती अशीच नख मारून पाहायची.

आज सकाळी चिकू उचलला, तर देठाचा चीक प्लास्टरमध्ये मुरलेला. ओल्या फडक्याने पुसायला गेलो, तर डाग आणखी पसरला. लेकीच्या मेहनतीची मी माती केली! आता तिला काय सांगू? मावशीला काय सांगू?

एवढ्यात ऊन सरकत तळव्यावर आलं. आज डोळे दिपले नाहीत. हा हात लेकीला द्यावा की समुद्राला, मला अजूनही कळत नाही. पण जो डाग जावा म्हणून लहानपणी मी झुरलो, तो आता जाऊ नये म्हणून मी फडकं लांब ठेवून दिलं.