काहूनताईचं सॉलिड स्टेट

सर नोट्स सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. काहूनताई मात्र पेनाला टोपण लावून, हाताची घडी घालून बसायची. अमरावतीला भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.च्या वर्गात ती आमच्याहून बरीच मोठी. घर पातूरचं, झेंडूची शेती. मध्ये सुटलेलं शिक्षण तिने घरी भांडून पुन्हा धरलं होतं. दर दोन वाक्यांनी तिचा हात वर जायचा, "काहून, सर?" म्हणजे 'का, सर?' त्यावरून हे नाव पडलं. तिला ते आवडायचंही.

सॉलिड स्टेटच्या, म्हणजे घन पदार्थांच्या, पेपरची सगळ्यांनाच धास्ती. ताईने त्यासाठी एक पुस्तक मिळवलं होतं. इंग्रजीतलं, पण समोर बसून बोलावं तसं लिहिलेलं; आधी काय घडतं ते, गणित मागून. आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो. भात शिजेपर्यंत ती एकेक परिच्छेद मला वऱ्हाडीत सांगायची. मी मान हलवली की म्हणायची, "समजलं म्हनू नको. मले समजावून दाखव."

सरांनी एकदा ते पुस्तक चाळलं. "फार बाळबोध आहे. या पेपरला चालायचं नाही."

"समजते म्हून बाळबोध हाये का, सर?"

पुढे सेमिनारला तिच्या वाट्याला ऊर्जापट्टे आले, म्हणजे घन पदार्थात इलेक्ट्रॉनला कोणत्या ऊर्जा चालतात ते. तिने फळ्यावर अणूंची ओळ काढली. "इलेक्ट्रॉन म्हंजे लाट. लाटेची अर्धी लांबी दोन अणूंमधल्या अंतराएवढी झाली, का लाट पुढं जात नाही, मांगं फिरते. मंग जागच्या जागी हलनाऱ्या दोन लाटा उरतात. एकीत इलेक्ट्रॉन अणूंपाशी जमते, दुसरीत मधल्या जागेत. दोघींची ऊर्जा येगळी. त्या दोन ऊर्जांच्या मधात इलेक्ट्रॉनले जागाच नाही."

"इंग्रजीत बोला," सर म्हणाले.

"लिहून इंग्रजीतच देईन, सर. पन पोरायले समजू तर द्या."

त्या पेपरात ती नापास झाली. उत्तरांत नोट्सची वाक्यं नव्हती म्हणून, असं ती म्हणे. खरं कारण कधी कळलं नाही. भाऊ न्यायला आला. "झालं ना आता? चाल घरी."

"पेपर राह्यला हाये माहा. तू जाय."

रात्री ती रडली, हे मला ठाऊक आहे. सकाळी तेच पुस्तक घेऊन ती ज्युनिअर पोरांच्या बाकावर जाऊन बसली, आणि त्याच पुस्तकावर पास झाली.

अकोल्यात एका खासगी कॉलेजात तिला नोकरी मिळाली. वर्गात नोट्स सांगा, असा हुकूम आला, तेव्हा तिने ती सोडली. आता पातूरला शेतातल्या खोलीत ती रविवारी शिकवते. अकोल्याहून, बार्शीटाकळीहून पोरं-पोरी येतात.

परवा मी गेले, तेव्हा एक मुलगी उभी राहून म्हणत होती, "ताई, ही पायरी चुकली तुमची."

ताईने फळ्यावरची ती पायरी पुन्हा वाचली. मग तिने खडू त्या मुलीच्या हातात दिला आणि सतरंजीवर पोरांमध्ये येऊन बसली.

"बोल," ती म्हणाली. "अन् आमी अडवलं तर घाबरायचं नाही."