नर्सबाईची कॅसेट

आमच्या व्हिडिओच्या दुकानात आता मोबाइलचं दुकान आहे. जागा आमचीच, भाड्याने दिली आहे. आमच्या तालुक्याच्या गोरेगावच्या बाजाराला गेले की मी तिथे जरा टेकते. दुकानातली पोरगी खुर्ची देते. सगळं बदललं, पण काउंटरखालची फळी तीच आहे. त्या फळीवर माझा नवरा एका बाईची कॅसेट लपवून ठेवायचा.

नवऱ्याला मी इथे एकेरीत लिहिते आहे. तोंडावर कधी म्हटलं नाही. आता तो नाही, म्हणून चालतं.

पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही, मध्ये पडदा. लग्नकार्य असलं की लोक टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने न्यायचे. नवरा टीव्ही गादीत गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर बांधायचा आणि पार खेड्यापर्यंत पोचवून यायचा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मात्र कुत्रं फिरकत नसे, सगळं गाव चिखलात.

भिंतीवर त्याने रंगाने लिहिलं होतं, ‘कॅसेट सुरुवातीपर्यंत फिरवूनच परत आणावी.’ कोणी आणायचं नाही. मग फिरवायचं काम माझं. मशीनमध्ये घालायची, बटण दाबायचं, खट् झालं की काढायची. फिरवताना चित्र दिसत नाही. असे किती सिनेमे मी उलटे फिरवले, पाहिला एकही नाही. चौथीपर्यंत शिकले होते, त्यामुळे खोक्यांवरची नावं तेवढी पाठ झाली होती.

नर्सबाई सरकारी दवाखान्यात होती. एकटी राहायची. घरी स्वतःचा टीव्ही, स्वतःचा व्हीसीआर. दिसायला विशेष नव्हती, दात थोडे पुढे. ते मी पहिल्याच दिवशी बघून घेतलं. पण साडीला चुणी नसायची आणि हसली की रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा. नवऱ्याला ती भाऊ म्हणायची. त्याने मला काही फरक पडला नाही.

तिचं असं व्हायचं की सिनेमा अर्धा झाला की बाळंतपणाचं बोलावणं यायचं. ती तिथेच मशीन बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी कॅसेट होती तशीच परत आणायची. मी फिरवायला हात पुढे केला की नवरा म्हणायचा, “ते राहू दे.” कॅसेट फळीवर जायची. दुसऱ्या कोणी मागितली तर खुशाल सांगायचा, बाहेर गेली आहे. संध्याकाळी ती आली की तीच कॅसेट न्यायची आणि जिथे सोडलं तिथून पुढे बघायची.

आता मला सांगा, तिलाच दोन दिवस ठेवून घ्या म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मग ती रोज दुकानात आली नसती. मला त्यातच सगळं कळलं.

आणि कधी फारच घाई असली तर ती म्हणायची, “भाऊ, पुढचं तुम्हीच सांगा.” मग नवरा सांगायचा. घरात दिवसाला दहा शब्द न बोलणारा हा माणूस हात हलवून, आवाज बदलून, मध्येच थांबून तिला गोष्ट सांगायचा. मी पडद्यामागे तांदूळ निवडत ऐकायची. खडे तसेच राहायचे. जेवताना त्याच्या दाताखाली आले की मला बरं वाटायचं.

एकदा तो बाहेर गेला होता. मी फळीवरची कॅसेट काढली, सुरुवातीपर्यंत फिरवली आणि परत ठेवली. दुसऱ्या दिवशी नर्सबाई आली ती हसतच.

“भाऊ, काल सगळं पुन्हा पहिल्यापासून! मी तर तिथेच झोपले.”

नवऱ्याने पडद्याकडे पाहिलं. “काऊन वो, तू फिरवली का?”

मी बाहेर आले. “फिरवली. भिंतीवर लिहून ठेवलं ना तुमीच? का बाईले दुसरा नियम आहे?”

नर्सबाईच म्हणाली, “वहिनींचं बरोबर आहे. वहिनी, मग तुम्हीच सांगा, पुढे काय होतं?”

“मी नाही पायला.”

“मग कोणता पाहिलात?”

“कोणताच नाही.”

ती हसायची थांबली. नवरा म्हणाला, “घरचं दुकान आहे. पायचा होता तर पायचा. कोणी धरलं होतं तुले?”

“कोणी म्हटलं होतं का, पाय म्हणून?”

नर्सबाईने कॅसेट काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, आधी वहिनींना बघू द्या. मला तिचा त्यामुळे आणखी राग आला. तिने सोडलेलं मी बघायचं! पण बघितला. दोन दुपारी लागल्या. भात करपला. सिनेमात नायकाला वाईट लोक दरीत ढकलतात, बायको कपाळ पुसून बसते आणि शेवटी तो काठी टेकत दारात उभा राहतो. मी पदराने डोळे पुसले. हे कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी नवरा टीव्ही घेऊन लग्नाच्या घरी गेला होता. नर्सबाई धावत आली. तिला इटियाडोह धरणाच्या बाजूला शिबिराला जायचं होतं, आठ दिवस.

“वहिनी, एसटी लागली आहे. दरीत पडल्यावर त्याचं काय होतं, तेवढं सांगा.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “मेला.”

“मेला? खरंच?”

“मंग काय. एवढ्या वरून पडला. बायको आली तवा कावळे बसून राहिले होते.”

कावळे सिनेमात नव्हते. नर्सबाईचा चेहरा उतरला. ती गेली तेव्हा मला दिसलं, नवरा सायकल धरून दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

दुपारी जेवताना तो म्हणाला, “त्याले कायले मारलंस?”

“मले वाटलं, मारलं.”

“आन् कावळे कुठून आणले?”

“आपल्या धानाच्या बांधीतून.”

त्याला ठसका लागला. मग तो म्हणाला की कावळ्यांपेक्षा गिधाडं बरी दिसली असती. मी म्हटलं, गिधाडाला लोक हसतील. आम्ही भात संपेपर्यंत त्यावर भांडलो. लग्नाला बारा वर्षं झाली होती, एवढं आम्ही कशावरच बोललो नव्हतो.

पण माझा जीव टांगलेला होता. ती परत आली की हा खरं सांगणार आणि मी खोटी पडणार. आठ दिवसांनी ती आली. मी पडद्यामागे सूप हातात धरून उभी.

“भाऊ, बरं झालं मी शेवट पाहिला नाही. बिचारा मेला म्हणे. दुसरा द्या.”

नवऱ्याने दुसरी कॅसेट काढून काउंटरवर ठेवली. मग म्हणाला, “हो जी. लई वाईट झालं त्याचं. कावळे आले होते.”

पुढच्या वर्षी तिची बदली सडक अर्जुनीला झाली. नवरा नंतर मला कधीमधी गोष्ट सांगायचा. हात हलवून मात्र कधी नाही. ते तिच्याबरोबरच गेलं. अजून ते माझ्या मनाला लागतं.

परवा तोच सिनेमा टीव्हीवर लागला. नायक काठी टेकत दारात आला आणि माझ्या मनात आलं, नर्सबाई कुठे असेल तिथे हे बघत असेल. तिला आता कळलं असेल की तो मेला नव्हता. मला रागच आला. एवढा एक शेवट आमच्या दोघांचा होता.